दोन बोटं पाणी

तिचं नाव दुसरंच होतं, पण रोपवाटिकेत येणारी गिऱ्हाइकं तिला पाठीमागे ‘मोजूनमापून’ म्हणत. शंभर रोपं मागितली तर शंभरच मिळायची. एकशेएकावं फुकट नाही आणि नव्याण्णव तर कधीच नाही. नवरा म्हणायचा, "हिला स्वप्नंसुद्धा मोजून पडतात."

पाण्याच्या बाबतीतही तोच खाक्या. ओढ्यातून वाटिकेत एक पाट यायचा. त्याच्या तोंडाशी लाकडी फळी, आणि फळीत चार बोटं उंचीची खाच. तिच्या सासऱ्यांनी हात आडवा धरून ती आखली होती आणि सरकारी वहीत ‘चार बोटे पाणी, दुपारपर्यंत’ अशी नोंद करून घेतली होती. सासरे गेले, खाच राहिली. शेजारचे लोक भर उन्हाळ्यात फळी हळूच वर सरकवायचे. हिची फळी मात्र बाराच्या ठोक्याला बंद. ओढ्याच्या काठावर एवढी सरळ बाई दुसरी नव्हती, आणि सरळ माणसाला सरकारी कागद कसा बरोबर शोधून काढतो, हे मला अजून कळलेलं नाही.

नोटीस आली ती अशी: ‘प्रवाहाची गुणवत्ता राखण्याच्या दृष्टीने आपला हिस्सा निम्मा, म्हणजे दोन बोटे, करण्यात येत आहे.’

दोन बोटं पाणी म्हणजे पुढच्या रांगा कशाबशा भिजणार. पाटाच्या शेवटाला गुलाबाची मूळ झाडं होती, सासऱ्यांनी लावलेली. सगळी कलमं त्यांच्यावरून बांधायची. ती वाळली की वाटिका संपली. तिने नोटीस पिशवीत घातली आणि कार्यालय गाठलं.

तळमजल्यावर गुणवत्ता विभाग. कारकून भला होता, त्याने समजावून सांगितलं. "तुमच्या खाली दोन कोसांवर रंगाचा कारखाना आहे ना? तिथे ओढ्यात घाण मर्यादेपेक्षा जास्त निघाली."

"मग कारखान्याला सांगा."

"त्यांच्याकडे पाच वर्षांचा परवाना आहे, घाण सोडायचा. ती कमी करता येत नाही. म्हणून पाणी वाढवायचं. घाण पातळ होते."

"कोणाचं पाणी?"

"वरच्या लोकांचं. तुमचं."

"अहो, मी काय घाण केली?"

"छे छे! तुमचं पाणी एकदम उत्तम आहे, काकू. म्हणून तर हवंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराला आंघोळ घालायला संन्याशाची घागर मागत होते.

"पण माझा हक्क आहे," ती म्हणाली.

"हक्क वरच्या मजल्यावर. आमच्याकडे फक्त गुणवत्ता."

वरच्या मजल्यावर हक्क विभागाच्या बाईंनी वही काढून दाखवली. "हक्क तुमचा शाबूत आहे हो. चार बोटांचाच आहे. फक्त पाणी दोन बोटं मिळेल. का, ते खाली विचारा."

ती खाली आली. खालच्यांनी वर पाठवलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणावं, तर त्या दोन्हींत निदान पाणी असतं. हिच्या वाट्याला नुसता जिना आला. अशा पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला जिन्यातच बसून ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली, "मेले एकजात सगळे!" आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कारण असं ती कधी बोलत नसे.

कारकुनाला दया आली. तो कानाशी येऊन म्हणाला, "सुनावणी आहे पुढच्या महिन्यात. पण बोलू देतात फक्त घाण सोडायचा परवाना असलेल्यांना. तुम्हीही काढून टाका एक."

"मी घाण सोडू?"

"थोडीशी. बोलण्यापुरती."

घरी येऊन तिने अर्ज भरायला घेतला. नवव्या रकान्यात विचारलं होतं, ‘सोडण्यात येणाऱ्या घाणीचा प्रकार.’ तिथे पेन अडलं.

नवरा म्हणाला, "लिही ना साबणाचं पाणी. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय की," ती म्हणाली, आणि ‘काही नाही’ असं लिहून मोकळी झाली.

चार दिवसांत उत्तर आलं. या कार्यालयातून एवढ्या तातडीने दुसरं काही निघालं असेल असं वाटत नाही. ‘अर्जदार प्रवाह दूषित करीत नसल्याने सुनावणीस पात्र नाही.’ वाचून ती आधी हसली. मग तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्याचाही राग आला.

पुढच्या आठवड्यात मोजणीदार आला. नवाच नेमलेला, हातात टेप, काखेत कोरा पत्रा. त्याने जुनी फळी उपटून गवतात पालथी टाकली, पत्रा बसवला आणि खिशातला आदेश उलगडला. "दोन बोटे म्हणजे किती सेंटिमीटर?" त्याने तिथूनच फोन लावला. बराच वेळ कानाला धरून त्याचं तोंड उतरलं. "खालचे म्हणतात, मापाचं वर विचारा. वरचे म्हणतात, आदेश खालचा आहे."

"हो, ते तसंच म्हणतात," ती म्हणाली.

त्याने स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. "काकू, तुमच्याकडे कशी धरतात? बोटं आडवी की उभी?"

पाच खेपांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. हा पहिला. पाटाच्या कडेने नवरा झारी घेऊन चालला होता, तो जागीच थांबला. बोटांचं माप आडवंच असतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि उभं बोट भरतं आडव्या चार बोटांएवढं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जन्म मोजण्यात गेला होता तिचा.

"उभी," ती म्हणाली.

मोजणीदाराने दोन बोटं जोडून पत्र्यावर उभी टेकवली, रेघ मारली, खाच कापली, तिची सही घेतली आणि गेला. पाटाला पाणी पहिल्यासारखं सुटलं. गुलाबापर्यंत पोचलं. नवरा पोट धरून हसत सुटला, "अगं, तू! तू खोटं बोललीस!"

ती हसली नाही. गवतातली जुनी फळी उचलून तिने पत्र्याला लावून पाहिली. नवी खाच पेरभर नाही, पण गव्हाच्या दाण्याएवढी जास्त होती.

तिने कोयता आणायला सांगितला. जुन्या फळीची तेवढीच जाड खपली काढली आणि नव्या खाचेच्या वरच्या कडेला ठोकून बसवली. मग हात आडवा धरून पाहिलं. चार बोटं.