जिंकतोय तोवर काही बदलायचं नाही

फोन आला तेव्हा मी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या त्या मोठ्या शेडखाली, आमच्या नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. रविवार, सकाळचे साडेआठ. स्क्रीनवर वैशालीवहिनींचं नाव दिसलं आणि मी दोन-तीन रिंग तशाच वाजू दिल्या... काय ऐकायला मिळणार हे माहीत होतं. "भाऊजी, मिलिंद गेला हो," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे झाले.

मिलिंद नागपूरचा, मी पुण्याचा, त्यामुळे इथल्या परदेशातल्या बारा वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ. तो हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत इंजिनिअर, मी बँकेत. तरुणपणी तो शिकायला दोन वर्षं वेल्समध्ये होता. तिथे त्याच्या खोलीच्या खिडकीतून एका गावठी फुटबॉल क्लबचं मैदान दिसायचं. क्लब एवढासा, की गोलकीपर आठवडाभर गवंडीकाम करायचा आणि शनिवारी गोल अडवायचा. पण वेल्सच्या कपात असले क्लबही खेळतात, अगदी मोठ्यांच्या बरोबरीने. नियम सरळ आहे, एक मॅच हरलात की घरी. "दुसरा चान्सच नाही ना बे, म्हणून तर मजा," असं तो म्हणायचा. मला ऑफसाइड म्हणजे काय तेही धड कळत नव्हतं. तरी दोन वर्षांत त्या क्लबच्या लेफ्ट बॅकचा गुडघा कसा आहे याची मला काळजी वाटायला लागली होती. असा हा माणूस.

आमची पद्धत ठरलेली होती. तिकडे शनिवारी दुपारी मॅच व्हायची, पण दोघांपैकी कोणीही निकाल बघायचा नाही. रविवारी सकाळी याच टेबलावर भेटायचं, कॉफीचे दोन घोट घ्यायचे, मग एकाने फोन उघडून निकाल सांगायचा. एकदा त्याने, एकदा मी. दुसऱ्याने तोवर डोळे मिटून बसायचं. आणि एक नियम माझा होता, चेष्टेत केलेला. क्लब जिंकतोय तोवर काही बदलायचं नाही. टेबल तेच, कॉफी तीच, नवे बूट नाहीत, नवं काही सुरू करायचं नाही. हा नियम मी का केला, देव जाणे. शहाणपणा करायची खोड, दुसरं काय!

गेल्या मोसमात क्लब एकदम सुटलाच. पहिला राऊंड जिंकला, दुसरा जिंकला. एरवी आमची मजल तिथवरच असायची. तिसऱ्या राऊंडच्या रविवारी निकाल सांगायची पाळी त्याची होती. त्याने "जिंकलो!" म्हणून टेबलावर अशी थाप मारली, की शेजारच्या चिनी आजोबांच्या सूपला हिंदकळा बसला. त्यांची माफी मागून झाल्यावर त्याने कॉलर जरा खाली केली. "हे पाहून घे. दाढी करताना हाताला लागलं." मानेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. "दाखवतो ना. नोव्हेनाच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली होती, कॅन्सल केली. कप चालू आहे, नवीन काही सुरू करायचं नाही. तुझाच नियम आहे, गोखले."

मी हसलो. खरंच हसलो हो.

नंतरच्या रविवारी मी त्याला शिव्या घातल्या. नियम खड्ड्यात घाल म्हटलं. वहिनींना सांगेन म्हटलं, तर त्याने माझा हात धरला. "तिला नको सांगू. तिच्या बाबांचं असंच झालं होतं." तेव्हा मला कळलं की हा घाबरलाय. नियम हे नुसतं निमित्त होतं, भीतीवर घातलेलं पांघरूण. पण त्याने वहिनींना न सांगण्याचा शब्द माझ्याकडून घेतला. "हरलो की दुसऱ्या दिवशी जातो. शपथ." आणि मी, गाढव, कबूल झालो. त्या दिवसापासून मला क्लबच्या जिंकण्याची धास्ती वाटायला लागली. त्याची कॉलर दर रविवारी वरपर्यंत बंद दिसायची. आवाज बसला होता, त्याला तो एसीचा त्रास म्हणायचा. इडली अर्धी ठेवायचा.

उपांत्यपूर्व फेरीच्या निकालाची पाळी माझी होती. मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, काहीही झालं तरी "हरले" म्हणायचं. सोमवारी तो दवाखान्यात गेला असता, मग खरं कळल्यावर चार दिवस बोलला नसता माझ्याशी. न बोलू दे! तो समोर डोळे मिटून बसला होता, दोन्ही हात कपाभोवती. मी फोन उघडला. पेनल्टीवर निकाल लागला होता. गवंड्याच्या जागी आलेल्या नव्या पोराने शेवटची पेनल्टी अडवली होती... आणि माझ्या तोंडून "जिंकलो रे!" निघून गेलं. त्या क्षणी मला गाठ आठवलीच नाही. मला आनंद झाला होता, एवढंच कारण. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "बाप्पा! आता सेमीफायनल."

सेमीफायनल क्लब हरला, तीन-शून्य. निकाल त्याने वाचला. फोन बंद करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल, उद्या येशील ना?" मी गेलो. तरुण डॉक्टरने मान तपासली आणि विचारलं, कधीपासून आहे? मिलिंद म्हणाला, "थर्ड राऊंडपासून." डॉक्टरला अर्थातच काही कळलं नाही. महिने मी मोजून सांगितले. चार. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान पुन्हा एकदा तपासली. त्यानंतरचं मी सांगत बसत नाही. केमो सोसलं नाही त्याला.

घरी बुद्धवंदना झाली, लोक गेले. वैशालीवहिनी पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, मला तर त्याने शेवटी सांगितलं. तुमच्याजवळ आधी कधी काही बोलला होता का?" मी नाही म्हणालो. सरळ त्यांच्याकडे बघून नाही म्हणालो. टेबलावर जे खोटं बोलायला हवं होतं ते मला जमलं नाही, आणि जे बोलायला नको होतं ते किती सहज जमलं!

वहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुम्ही न चुकता वाचता, म्हणून इथे लिहितोय. बोलला होता. मला तिसऱ्या राऊंडपासून माहीत होतं. तुमच्यासमोर बसून हे सांगायची हिंमत मला सहा आठवड्यांत झाली नाही. रविवारी सकाळी साडेआठला मी टेबलावर असेन, समोरची खुर्ची रिकामी असेल. या, आणि मला काय बोलायचं ते बोला. न येण्याइतका राग आला असेल, तर तोही मला कबूल आहे.