कूलर काढल्यानंतरची खिडकी

जालना जिल्ह्यात ज्या ज्या घरात रांगतं लेकरू आहे, त्या प्रत्येक घराची खिडकी आमच्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी हलवून पाहिली असणार, अशी माझी खात्री आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. केदारखेड्याला त्यांची शेती आहे, पण स्वतःच्या कापसाकडे पाहत नसतील इतक्या काळजीने ते दुसऱ्यांच्या खिडक्यांकडे पाहतात. पाहुणा घरात आला की पंख्याखालची जागा शोधतो; मामा चपला काढता काढताच विचारतात, "खिडक्या किती हायेत?" पाणी पुढे केलं तर पिण्याआधी तांब्या उचलून खिडकीच्या गजांशी नेतात. गजांमधून तांब्या गेला की लेकराचं डोकंही जाणार, असा त्यांचा नियम. जाफराबादला एका वास्तुशांतीत हा तांब्या गजांतून जो निसटला तो थेट खालच्या पंगतीत, वाढप्याच्या हातातल्या वरणाच्या बादलीत पडला. खाली आरडाओरडा झाला. मामा वरून शांतपणे म्हणाले, "बघा, तांब्या थांबला न्हाई. लेकरू थांबंन का?" यजमानांनी दुसऱ्याच दिवशी मध्ये आणखी गज बसवून घेतले.

डासांच्या जाळीवर कोणी भरवसा ठेवला की त्यांना खरा राग येतो. "ती डासासाठी हाये. तुमचं लेकरू काय डास हाये का?" आणि खिडकीखाली दिवाण ठेवणं म्हणजे लेकराला जिना बांधून देणं. एकदा ते भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. पोहे यायच्या आत त्यांनी खिडकीखालचा दिवाण भिंतीकडे ओढायला घेतला. दिवाणावर मुलीचे वडील बसलेले होते. ते उठले नाहीत आणि मामा थांबले नाहीत, त्यामुळे वडीलही दिवाणासकट सरकले. तरी लग्न जमलं.

आमची पाळी आली ती पावसाळ्याच्या तोंडी. मला बदनापूरला नोकरी लागली होती आणि वरच्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं होतं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला आणि जिना चढून घरात जाणाराही पहिलाच, त्यामुळे त्या घराचं मला भारी अप्रूप. आमच्याकडचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. कूलर बाहेरच्या स्टँडवर बसवायचा म्हणून खिडकीचं ग्रील त्याच्या मापाने कापतात. पाऊस लागला की कूलर आत येतो, भोक मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसंच राहतं. मीही तेच केलं. कूलर काढला, काच सरकवून बंद केली आणि रिकामा कूलर आतल्या बाजूला त्याच खिडकीखाली, दिवाणाला लागून ठेवून दिला.

मामा शेंगांची पिशवी घेऊन एसटीने आले. त्यांनी खिडकी पाहिली, कूलर पाहिला, पण तांब्या काही मागितला नाही. त्याचीच आम्हाला धास्ती वाटली. "चहा टाक बाई," ते भाचीला म्हणाले, "आन् पोरीला कोणी हाक मारू नका." मग ते खिडकीशेजारी उभे राहिले.

आमची चिमी तेव्हा दोन वर्षांची होती. ती दिवाणावर चढली. दिवाणावरून कूलरवर. कूलरवरून तिने खिडकीच्या कट्ट्यावर गुडघा टेकवला, दोन्ही तळहात काचेला लावले आणि जी काच तिला हलणार नाही असं मी धरून चाललो होतो, ती सर्रकन सरकवली. बाहेर वारा, खाली फरशी.

"मामा!" बायको किंचाळली.

मामांची मूठ चिमीच्या फ्रॉकच्या पाठीवर आधीपासूनच घट्ट होती. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. ती खिदळत होती. मी धावत जाऊन काच लावली.

"असं कोणी करतं का? जीव गेल्ता माझा!" बायको रडवेली झाली.

"तोंडानं सांगलं असतं तर जावईबापू म्हणले असते, रविवारी बघू," मामा म्हणाले. मी तेच म्हणालो असतो. "घाबरायचं काम न्हाई. पोरगी हुशार हाये, खिडकी येडी हाये."

चहा संपायच्या आत कूलर न्हाणीघराबाहेर गेला, दिवाण पलीकडच्या भिंतीला, आणि मामा वेल्डरला घेऊन हजर. मी म्हणालो, भोक कायमचं बुजवून टाका. "बिलकुल न्हाई. घरात आग लागली तर बाहेर कुठून पडता? गजांची झडप करा. उघडली पाहिजे, पण मोठ्या माणसाच्या हातानं." कडी वर, आमच्या डोक्याच्या उंचीला बसली. ठिणग्या पाहून खाली राहणारे घरमालक धावत आले. "अहो, माझी खिडकी!" मामांनी त्यांना विचारलं, "नातवंडं हायेत का तुम्हाला?" "दोन आहेत." "मंग तुमच्या खिडक्या दाखवा." संध्याकाळपर्यंत वेल्डर खालच्या मजल्यावरच होता. चिमीने झडपेला लोंबकळून पाहिलं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, आणि हरल्यावर मामांनाच एक चापट मारली. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी मला झडपेचा फोटो काढायला लावला आणि पुण्याला लेकीला पाठवायला सांगितला. लेक नवव्या मजल्यावर राहते. तिथली सोसायटी बाहेरून ग्रील लावू देत नाही. तिचं बाळ रांगायला लागलंय. मागे गुरं पाहायला कोणी नाही, म्हणून मामांचं तिकडे जाणं अजून झालेलं नाही. व्हिडिओ कॉल लागला. "आप्पा, खिडकीच्या रुळावर कुलूप बसवलंय. चार बोटांपेक्षा जास्त उघडत नाही."

"घालून दाखव."

तिने फटीत चार बोटं घातली. मामांनी आपली चार बोटं मोबाईलच्या काचेवर, तिच्या बोटांशेजारी ठेवली. "बराबर हाये," ते हळूच म्हणाले. "लेकरू कुठंय?"

"झोपलंय. उठवू का?"

"नको."

"आप्पा, कॅमेऱ्यावर हात आलाय तुमचा. तुम्ही दिसतच नाही मला."

"राहू दे," मामा म्हणाले. "मला दिसून राह्यलंय."