ग्रिलच्या तळाचं भोक

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवापुढेही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे — माझं मन जड नाहीच मुळी. किंवा असेलही. ते तुम्ही ठरवू नका.

बावीस वर्षं मी इकडे तमिळ मुलखात, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलची देखभाल करते. बंद पडलेलं यंत्र उघडायचं, मीटर लावायचा आणि सांगायचं — दुरुस्त होईल की भंगारात जाईल. तिथे माझा शब्द शेवटचा. घरीही तसंच. माझा नवरा श्रीधर बँकेतला, त्याला साधा फ्यूज बदलता येत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. उलट लोकांना कौतुकाने सांगायचा, "शैला म्हणाली संपलं, म्हणजे संपलं."

अशा माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं, ठाऊक आहे?

तर ती ग्रिल. पेलेट ग्रिल म्हणतात — भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांवर जळते. आतला मोठा स्क्रू विजेवर फिरतो, गोळ्या पुढे ढकलतो, एक कांडी तापून त्यांना पेटवते. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी कुटुंबाकडून श्रीधरने ती जुनी घेतली आणि तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर चढवली. मग दर रविवारी दुपारी तिथे मासळी भाजायची. खालच्या मजल्यावरची मंडळी यायची, आणि श्रीधरची थोरली बहीण, अक्का, मैलापूरहून बसने यायची. अक्काचे यजमान गेले होते. आठवड्यातून तेवढीच एक दुपार ती घराबाहेर पडायची.

मला त्यांच्यात परकं वाटायचं, असं सांगू? मी साताऱ्याची, ती तंजावरची माणसं, त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ — असं म्हटलं की ऐकणाऱ्याला पटतं. पण ते खरं नाही. मला तमिळ येतं. विनोद कळायचे. माझ्यासाठी खुर्ची मांडलेली असायची, पहिला तुकडाही माझ्याच ताटात पडायचा.

मग काय होतं? आठवडाभर माझ्याशी दहा वाक्यं न बोलणारा माणूस त्या धुरात उभा राहून तास तास बोलायचा. हसायचा. बहिणीची थट्टा करायचा. माझ्याविना तो इतका सुखात असू शकतो — हे दर रविवारी मला डोळ्यांनी बघावं लागायचं. मला ते सहन होत नव्हतं. एवढंच.

पावसाळ्यानंतर ग्रिल बंद पडली. तेव्हाच अक्काचं कोइंबतूरला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. श्रीधरने वहीत यादी केली — नवा कंट्रोलर, झाकणाला जाड अस्तर, चांगली चाकं. मला म्हणाला, "दुरुस्त करून हे सगळं बसवण्यात अर्थ आहे का, तू बघून सांग. अक्का जायच्या आधी एक रविवार मिळाला तरी पुरे."

शनिवारी सकाळी मी एकटी गच्चीवर गेले. उघडली. दमट हवेने गोळ्या फुगून स्क्रू अडकला होता, आणि पेटवणारी कांडी जळाली होती. बाकी सगळं ठणठणीत. तसली कांडी आमच्या कारखान्याजवळच्या दुकानात मिळते. अर्ध्या दिवसाचं काम.

मग मी आतलं भांडं बाहेर काढलं. ज्या भांड्यात गोळ्या जळतात त्याचा तळ गंजाने पातळ झाला होता — पातळ, पण फुटलेला नव्हता. मी पेचकस घेतला, टेकवला आणि वरून हातोडी मारली.

ते भोक मी पाडलं.

मग त्याला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं, भोकातून बोट घालून पाहिलं. म्हणाला, "पत्रा बसवून चालणार नाही?"

"स्क्रू फिरवणारी मोटरही गेलीय," मी म्हटलं. "यात जीव नाही राहिला."

त्याने दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. यादीचं पान फाडलं, घडी करून खिशात ठेवलं. शेवटच्या रविवारी हॉटेलातून जेवण आणलं. अक्काने निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "ग्रिल बघितलीस न गं तू, तेच पुष्कळ." मी तिला वाकून नमस्कार केला.

श्रीधर त्यानंतर माझ्याशी जास्त बोलू लागला असं वाटतं का तुम्हाला? नाही. रविवारी तो टीव्ही लावतो. खालची माणसं जिन्यात भेटली तर हसतात. अक्का फोनवर तब्येतीचं सांगते.

गेल्या महिन्यात त्याला मोबाईलवर दुसऱ्या एका जुन्या ग्रिलची जाहिरात दिसली. फोटो मला दाखवला. मी म्हटलं, चांगली आहे, घे, मी तपासून देते. मनापासून म्हटलं. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"परवाइल्लै," तो म्हणाला. राहू दे. "अक्का नाही. कुणासाठी भाजायचं?"

मी समोर बसले होते. त्याला ते दिसत होतं.

त्याला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगितलं तर तो माफ करेल. ते मला नको आहे.