सवतीचं सोनं

माझ्या मावशीला सवत होती आणि ती घड्याळावर बसलेली होती. असं मावशीच सांगायची, हसत हसत, घरी नवं माणूस आलं की हमखास. वीतभर उंचीची सोनेरी बाई, मांडीवर उघडं पुस्तक, कोपर तबकडीवर टेकलेलं. युरोपातल्या कुणा कारागिराने दीडशे वर्षांपूर्वी घडवलेली. "आमच्या ह्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नाही," मावशी म्हणायची आणि काका वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

काका विम्याच्या कचेरीत कारकून. विडी नाही, पत्ते नाहीत, व्यसन एकच, लिलाव. जुनं घर मोडीत निघालं की सुट्टीच्या दिवशी हे तिथे हजर. अशी पस्तीस वर्षांत अकरा तैलचित्रं आणि नऊ घड्याळं जमली. चित्रांत गाई पाणी पिताहेत, जहाज वादळात सापडलंय, एक म्हातारा खिडकीशी पत्र वाचतोय. घरात खोल्या दोन. मोठी या मंडळींना, लहानीत नवरा-बायको. मूलबाळ नव्हतं. मला काकांचा राग यायचा, अजून येतो, ते आधीच सांगून टाकते. मोठ्या खोलीत मावशीला मज्जाव होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने ओल्या फडक्याने एका चित्राची चौकट पुसली, तर ते आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते हे, "तुझे हात भांडी घासणारे. इथे चालवू नकोस." मावशीने हसण्यावारी नेलं, पण विसरली नाही. दर रविवारी काका आतून कडी लावून घड्याळांना किल्ली द्यायचे. त्यांची साफसफाई कशी करायचे, ते त्यांनी कुणाला दाखवलंच नाही.

मग काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. होकार-नकारही धड उरला नाही. पाणी हवं का विचारलं की मान हलवायचे आणि पेला पुढे केला की ओठ मिटून घ्यायचे. त्यांना समजतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मावशीने त्यांची खाट मोठ्या खोलीत हलवली, घड्याळांसमोर. "त्यांचा जीव तिथेच अडकलाय," म्हणाली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती त्या खोलीत पहिल्यांदा हक्काने शिरली.

तिला एकच दाखवून द्यायचं होतं, की भांडी घासणाऱ्या हातांनाही हे जमतं. नऊच्या नऊ घड्याळांना किल्ली द्यायला ती शिकली. चित्रं उंचावर आणि तिचे गुडघे दुखरे, म्हणून चित्रं सुटली. आठ घड्याळं लाकडी, ती तिने कोरड्या कापडाने पुसली. सवत मात्र काकांच्या आजारपणातल्या वर्षभराच्या धुळीने मळकट झाली होती. पितळ म्हटल्यावर काय करायचं, हे कुणी बाईला शिकवावं लागतं का? पितळ उजळायच्या मलमाचा पहिला डबा मीच आणून दिला.

मी कितीतरी रविवारी तिथे बसून पाहिलंय. मावशी खाटेजवळ स्टूल ओढायची, घड्याळ मांडीवर घ्यायची आणि बोटाला फडकं गुंडाळून त्या बाईचं नाक, बोटं, पुस्तकाचं पान न् पान घासायची. तळहातावरच्या फोडासारखं जपायची. "बघा हो, कशी लखलखतेय. आणखी घासू?" काकांच्या घशातून आवाज निघायचा आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पहिल्या वेळी आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "या आजारात माणसं उगीच रडतात. मनावर घेऊ नका." मावशीने मनावर घेतलं, पण भलतंच. "जन्मात पहिल्यांदा माझं काम आवडलंय गं त्यांना," असं मला म्हणाली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही. गंमत अशी, की मूर्ती घासावी तितकी लवकर काळवंडायची. आधी महिन्यातून एकदा पुरायचं, मग दर रविवारी लागायला लागलं. अशी सहा वर्षं गेली.

यंदा मावशीला जिना चढवेना. दोघांनी आमच्याकडे तळमजल्यावर यायचं ठरलं. जमवलेलं सगळं एकत्र संग्रहालयात जावं, ही काकांची जुनी इच्छा. ती त्यांच्या डोळ्यांदेखत पुरी व्हावी म्हणून मावशीने मला पत्र लिहायला लावलं आणि संग्रहालयाच्या बाई आल्या.

बाईंनी चित्रं पाहिली, खूश झाल्या. लाकडी घड्याळं पाहिली. मग सवतीला उचलून भिंग लावलं.

"हे कोण साफ करतं?"

मावशी या प्रश्नाची वाटच बघत होती. "मीच. सहा वर्षं. कधी चुकवलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "काकू, खाली पितळ आहे, पण वर खऱ्या सोन्याचा मुलामा होता. फार पातळ असतो तो. घासायचा नसतो, नुसती मऊ ब्रशने धूळ झटकायची. सोनं काळं पडत नाही. काळं पडत होतं ते खालचं पितळ."

त्यांनी घड्याळ फिरवून दाखवलं. मागे, मूर्तीच्या पाठीच्या खोबणीत, जिथे मावशीचं बोट पोचत नव्हतं, तिथे नखाएवढा मंद, दाट पिवळा रंग उरला होता. पुढच्या लखलखाटाशी त्याचं काही नातं नव्हतं.

"परत चढवता येईल ना?"

"येईल काहीतरी. पण ते हे नसेल."

बाई चित्रांची आणि आठ घड्याळांची यादी करून गेल्या. मला वाटलं आता मावशी रडेल. ती स्टुलावर बसून राहिली.

"त्यांना सगळं दिसत होतं," ती म्हणाली. मग सवतीकडे बघत, "आणि मी तिला सवत म्हणायचे."

"मग काय झालं? थट्टाच ती."

"मी मुद्दाम करतेय असं वाटलं असेल का गं त्यांना? उट्टं काढतेय असं?"

"छे, काहीतरीच काय!" मी इतक्या झटकन म्हणाले, की मलाच ते खोटं वाटलं. बायकोला त्या माणसाने ज्या तऱ्हेने वागवलं होतं, त्यावरून त्याला दुसरं काय सुचणार? सहा वर्षं तो खाटेवर पडून आपली शिक्षा बघत होता आणि शिक्षेला डबा मी पुरवला होता. काकांचा राग मला त्या क्षणीही होता. पण त्या रागाने काही सुटेना.

मावशीने स्टूल खाटेजवळ ओढलं आणि काकांचा धड हात हातात घेतला.

"अहो, मला माहीत नव्हतं हो. तुम्ही कधी सांगितलंच नाही मला. शप्पथ, मला चांगलं करायचं होतं. मी मुद्दाम करते असं वाटलं का तुम्हाला? सांगा ना. वाटलं का?"

काकांच्या घशातून आवाज निघाला. डोळे भरले आणि पाणी घळाघळा वाहायला लागलं. अगदी दर रविवारी वाहायचं तसंच.

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"हे 'हो' आहे का 'नाही', सांग ना गं."

तिने सवयीने उशाजवळचं फडकं उचललं. त्याला मलमाचा वास होता. ते तिने खाली टाकलं आणि नुसत्या हातांनी त्यांचे डोळे पुसत बसली.