पडत्या भावातलं उत्तर

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कडुबा आबांनी एकोणतीस वर्षं कांद्याचे लिलाव पुकारले. आवाज असा, की रेल्वेच्या भोंग्यालाही दबून वाजावं लागे. बाराशेचा माल चौदाशेवर नेल्याशिवाय ते खाली बसत नसत. व्यापारी घड्याळ दाखवायचे, आबा तंबाखू मळत राहायचे. पुढं मुलाकडं शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि तो आवाज फक्त "दार लावा रे" एवढ्यापुरता उरला.

टीव्हीवरच्या प्रश्नांच्या स्पर्धेत त्यांना घातलं ते नातीनं. राजनंदिनी बी.एस्सी.ला होती. औरंगपुऱ्यात क्लासला रिक्षानं जाण्या-येण्यात तिचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि स्कूटी मागितली की वडील तीन वर्षं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होते. बक्षिसाच्या पैशात स्कूटी आली असती, पण स्पर्धा साठीच्या वरच्यांची होती, म्हणून तिनं आजोबांना उभं केलं. तीन महिने रोज संध्याकाळी ती जाडजूड पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि आबा ऐकायचे. त्यांचे डोळे कच्चे, पण कानावर पडलेलं ते विसरत नसत.

एकदा तिनं वाचलं, की माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कानात असतं. भाजी निवडत बसलेल्या आजी, साळूबाई, लगेच म्हणाल्या, "मंग तुमच्या कानात ते नसंलच. माझं कवाच ऐकू येत नाय."

शूटिंगला आजोबा आणि नात मुंबईला गेले. आबांनी भराभर उत्तरं देत शेवटचा प्रश्न गाठला. त्याची रीत वेगळी होती. प्रश्न आला की बक्षीस एक लाख, आणि मग दर सेकंदाला अडीच हजार कमी. राजनंदिनीनं हे घरी दहादा समजावलं होतं. आबांनी दहाही वेळा मान डोलावली होती.

"शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठं असतं?" निवेदिकेनं विचारलं.

आबांनी तोंड उघडलं आणि नेमकी नजर समोरच्या पडद्यावरच्या भल्यामोठ्या आकड्यावर गेली. एक लाख. सत्त्याण्णव हजार पाचशे. पंच्याण्णव हजार.

"थांबा," आबा म्हणाले. "भाव कोण पाडतंय ह्यो?"

"आजोबा, वेळ जातोय. उत्तर सांगा."

"उत्तर हाय की माझ्यापाशी. पण आदी हे पाडायचं बंद करा."

लोक हसायला लागले. आबांना वाटलं, बाजार तापतोय. त्यांनी सवयीनं हात वर केला आणि तो जुना आवाज लावला. "एक लाख! लाखाच्या म्होरं कोण हाय? बोला!" ध्वनिमुद्रणवाल्यानं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. आकडा मात्र सत्तरावरून साठावर, साठावरून चाळिसावर घसरत राहिला. एवढा मोठा मांडव, आणि एक माणूस चढता बोलेना. आबांचं डोकंच फिरलं.

"आजोबा, वीस हजार तरी घ्या," निवेदिका काकुळतीला आली.

"माल चोख हाय. पडत्या भावात नाय द्यायचा. माघारी नेतो मी."

आकडा शून्यावर आला आणि आबा ताठ मानेनं उठले. परतीच्या गाडीत राजनंदिनी खिडकीकडं तोंड करून बसली. नातीला आपला अभिमान वाटत असावा, असा आबांनी समज करून घेतला.

महिन्याभरानं कार्यक्रम दाखवला. आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. शेवटचा प्रश्न आला, आबांनी आरोळी ठोकली, आणि कॅमेरा त्यांच्या पाठीमागं, पहिल्या रांगेकडं वळला. तिथं राजनंदिनी होती. आकडा ऐंशी हजार, आणि ती मान हलवत होती, द्या, द्या. चाळीस हजारांवरही हलवत होती. वीस हजारांवर तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मान हलतच होती.

आबांचा चेहरा उतरला. मोंढ्यात पुकारणारा नुसता पुकारतो; द्यायचं की नाही ते शेतकरी ठरवतो. त्यानं मान हलवली की सौदा झाला, पुकारणाऱ्यानं तोंड मिटायचं. एकोणतीस वर्षांत आबांनी हे एकदाही मोडलं नव्हतं.

"राजे," ते म्हणाले, "तू मान हलवत व्हतीस. अन् म्या मागं वळूनच बघितलं नाय."

"जाऊ द्या ना, आबा."

त्यांना भयंकर लाज वाटली. तेवढ्यात फोन वाजला आणि साळूबाईंनी तो घेतला.

"लासूरचा हाय," त्या म्हणाल्या. "म्हणतेत, कडुबानं लई भारी केलं. माल राखला."

"त्यांला सांग," आबा म्हणाले, "माल पोरीचा व्हता."