वर्खाखालची काच

लामदुअनच्या दुकानात काम चालू असताना पंखा बंद असतो. तोही मे महिन्यात, पत्र्याखाली. पंख्याने धूळ उडते, आणि गाडीची काच आणि तिच्यावर लावायची ऊन अडवणारी फिल्म यांच्यामध्ये धुळीचा एक कण जरी अडकला तरी तो जन्मभर तिथे बसून गिऱ्हाइकाला वाकुल्या दाखवतो. म्हणून ती फरशीवर पाणी मारते, केस फडक्यात बांधते आणि घाम पुसत राहते. थायलंडातल्या आमच्या नाखोन सावन गावात गाड्यांना फिल्म लावणारी दुकानं बारा-पंधरा असतील, पण त्यांत बाई एकच. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाईच्या हाताला जोर कुठला. आता तेच लोक म्हणतात, पुढची काच असेल तर दुअनकडेच जा. लोकांचं काय, वारा येईल तशी पाठ.

पुढच्या काचेतच खरी परीक्षा असते. काच दोन्हीकडून वळलेली आणि फिल्म मात्र सपाट. ती आधी बाहेरून काचेवर अंथरायची, पावडर फासायची, हीटगनच्या गरम हवेने हळूहळू आवळत काचेच्या अंगाबरोबर बसवायची, आणि मग उचलून आतल्या बाजूला साबणाच्या पाण्यावर चिकटवायची. हवा कमी पडली तर सुरकुत्या राहतात, जास्त झाली तर फिल्म जळते. आणि काचेला कुठे टवका उडालेला असेल तर काचच हातची जाते. म्हणून हीटगन उचलण्याआधी लामदुअन अंगठ्याचं नख काचेवरून इंच न् इंच फिरवून घेते. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून एकही काच तडकली नव्हती. हे ती कोणाला सांगत नसे. बोललं की नाट लागते.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी विचियन आपली शाळेची व्हॅन घेऊन तिच्या दारात आला. वय सहासष्ट. अठरा वर्षं पोरं ने-आण करतोय. पोरं त्याला लुंग म्हणतात, म्हणजे काका. काही पोरांचे तरुण बापही लुंगच म्हणतात, कारण त्यांनाही लहानपणी यानेच शाळेत सोडलंय. व्हॅनच्या काचेवर जुनी काळीकुट्ट फिल्म होती. मार्चमध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि परवा तिन्हीसांजेला बाजारात एक हातगाडीवाली त्याला दिसली ती अगदी बंपरपाशी आल्यावर.

"काळी काढ," तो म्हणाला. "फिकट लाव. पण ऊन अडलं पाहिजे. डॉक्टर म्हणाले, काळोखही नको आणि चकाकीही नको. म्हातारपणी डोळ्यांचे लाड."

"चाळीस नंबरची लावते. समोरच्याला वाटेल काच साधीच आहे, पण आत चटका लागणार नाही. तपासणी कधी आहे, लुंग?"

"आजच तीनला. आज शेवटचा दिवस. पास झाली तर उद्या पहाटे बारा पोरं उचलायची. नापास झाली तर पुढच्या महिन्यात या म्हणतात."

"आणि पोरं?"

"पोरं थांबतात होय? दुसऱ्याच्या गाडीत बसतात. आणि एकदा बसली की बसली. मग मी ही गाडी घेऊन काय, मासे विकू?"

तो हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. लामदुअन कामाला लागली. जुनी फिल्म वाफेवर सैल करून सोलायची आणि पात्याने डिंक खरवडायचा, यातच साडेअकरा झाले. मग बाहेरून काच धुतली आणि नख फिरवायला सुरुवात केली. खालून वर, डावीकडून उजवीकडे. वरच्या कडेजवळ, मधोमध, तिचं नख थांबलं.

तिथे सोन्याचा वर्ख होता. खाली पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके, त्यांवर वर्ख, आणि वर्ख उडू नये म्हणून वर नेलपॉलिशचा पारदर्शक थर. गाडीला गंध आणि वर्ख आमच्याकडे असतातच. नवी गाडी आधी विहारात जाते आणि मग पेट्रोल पंपावर. पण भंते वर्ख लावतात तो आतून, ड्रायव्हरच्या डोक्यावर. हा बाहेर होता.

"लुंग, हा बाहेरून कसा?"

"भंतेंनी लावला," विचियन म्हणाला. म्हणताना तो आपल्या चपलांकडे बघत होता.

लामदुअनने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. भंतेंच्या हातचं चिन्ह, त्याला बाईमाणसाने बोट लावायचं नाही, आणि नख तर नाहीच नाही. तिची आई असं वागली, आजी असंच वागली. नख वर्खाला वळसा घालून पुढे गेलं. बाकीची काच तळहातासारखी गुळगुळीत होती.

एक वाजता फिल्म काचेवर अंथरलेली होती आणि हीटगन तिच्या हातात होती. दोन्ही बाजू बसल्या. फक्त वरची कड राहिली. तिने गन वर नेली, हात सारखा हलता ठेवला, कुठे रेंगाळली नाही.

टिक्.

अगदी बारीक आवाज, पाल चुकचुकावी तेवढा. तिने गन बंद केली आणि फिल्म उचलली. वर्खाच्या खालून एक भेग निघाली होती, वीतभर, ड्रायव्हरच्या बाजूला तिरकी खाली उतरलेली.

भेग वर्खाखालूनच निघाली होती. म्हणजे वर्खाखाली टवका होता. गंध त्या टवक्यात भरलेलं होतं आणि नेलपॉलिशने ते बंद केलेलं होतं. हे सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि हेही कळलं की विचियनला ते पहिल्यापासून माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो अजून चपलांकडेच बघत होता.

सहासष्ट वर्षांच्या माणसाला तोंडावर 'तू खोटं बोललास' म्हणायला आमच्याकडे जीभच वळत नाही. बापाच्या वयाचा माणूस.

"माझ्या हातून गेली, लुंग," ती म्हणाली.

विचियन गाडीत वाकला आणि समोरच्या खणातून वर्खाची चिमुकली वही काढून आणली, विहाराच्या दारात मिळते तसली.

"भेगेवरून वर्ख लावू. गंधाची एक रेघ ओढू, वर वर्ख. भंतेंनी मोठं चिन्ह काढलंय असं दिसेल."

"आणि तपासणारा?"

"तपासणारा कुठला? इथलाच ना? तो हात जोडेल आणि सही करेल. तो काही त्याला नख लावणार नाही." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तूही नाही लावलंस."

हे तिला झोंबलं. "खड्ड्यात आपटली की भेग पळेल, लुंग. तुमच्या डोळ्यांसमोर पळेल. मागे पोरं असतील."

"उद्याचं उद्या. पुढच्या आठवड्यात काच बदलून घेतो, आईशप्पथ. आज फक्त फिल्म लाव आणि गप्प बस. काच फोडलीस, आता एवढं तरी कर."

काच फोडलीस. तिला संताप आला आणि त्याच वेळी अपराधीही वाटलं. दोन्ही खरं होतं. ती गाडीत शिरली आणि फिल्म लावू लागली. लाज वाटावी इतकी सुंदर बसली फिल्म. एक बुडबुडा नाही. बाहेर विचियन पापणी न हलवता वर्ख ठेवत होता, कुंचल्याने दाबत होता. आतून तिला त्याचा हात दिसत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ बारा पोरांवर झाकलेली होती.

फिल्म किती उजेड सोडते त्याचा दाखला लावणाऱ्यानेच दाखवायचा असतो, म्हणून तीही व्हॅनमध्ये बसून तपासणीच्या मैदानावर गेली. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर तिची नजर वर्खावर जात होती. भेग वर्खाबाहेर दोन बोटं आली होती की तसा भास होत होता, ते तिला सांगता येईना.

मैदानात सतरा व्हॅन रांगेत उभ्या होत्या. अधिकारी तिशीचा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने टायर पाहिले, पट्टे ओढून पाहिले, दारं उघडून मिटली. मग काचेला उजेड मोजायचं यंत्र लावलं.

"झकास. कोणी लावली, पी?"

पी म्हणजे ताई. "मी," लामदुअन म्हणाली.

"माझ्या गाडीला पण लावायचीय." मग त्याची नजर वर गेली. सोन्याची लांब तिरकी रेघ उन्हात चमकत होती. "बरंच मोठं काढलंय. कुठले भंते, लुंग?"

"आपल्याच विहारातले," विचियन म्हणाला.

अधिकाऱ्याने पेन काखेत धरलं, हात जोडले, कपाळाला लावले. पेन पुन्हा हातात घेतलं आणि कागदावर टेकवलं.

लामदुअनला फक्त गप्प राहायचं होतं. एक सही, आणि म्हाताऱ्याची अठरा वर्षं वाचत होती, तिची सत्तावीसही. कोणाला कधी कळलंही नसतं. उद्या पहाटे व्हॅन ऊसवाल्या ट्रकांच्या रस्त्याला लागेल, खड्ड्यात आदळेल, आणि आधीच अधू असलेल्या डोळ्यांसमोर काचभर जाळं पसरेल. ती पुढे झाली. आधी हात जोडले, मनातल्या मनात भंतेंची माफी मागितली, आणि अंगठ्याचं नख वर्खावरून खाली ओढलं.

मागच्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "अरे, बाई काय करतेय ती." सोन्याचे कण तिच्या मनगटावर पडले. खालून भेग दिसली, आता वीतभर नाही, त्याहून दोन बोटं लांब.

"भेग आहे," ती म्हणाली. "हीटगन मी फिरवली. माझ्या हातून झालं."

अधिकाऱ्याने भेगेकडे पाहिलं, मग विचियनकडे. विचियन गाडीला हात टेकून उभा होता. कागदावर 'नापास' लिहिलं गेलं.

मैदानाबाहेर आल्यावर विचियनने व्हॅन आंब्याखाली लावली आणि किल्ली खिशात टाकली. "चालत जाऊ," एवढंच म्हणाला. उद्या गाडी येणार नाही हे बारा घरी सांगायला हवं होतं. लामदुअन न विचारता त्याच्यामागून निघाली.

पहिल्या घरी त्याने सांगितलं, "उद्या गाडी नाही." ते 'का' म्हणायच्या आत ती म्हणाली, "काच माझ्या हातून तडकली. चूक माझी." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही. कोणी चुकचुकलं, कोणी तिच्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी दुकानाकडे फिरकणार नाही हे तिला कळलं. नवव्या घरी एक बाप तोंडावर म्हणाला, "तरी म्हणत होतो, ही बाईची कामं नव्हेत." सत्तावीस वर्षं एका वाक्यात पाण्यात गेली. तिने मान खाली घातली. विचियन तेव्हाही गप्प होता, आणि त्याचं गप्प बसणं तिला त्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

बारावं घर याय फिनचं. याय म्हणजे आजी; ती ऐंशीची, नात सहा वर्षांची. उद्या नातीचा शाळेचा पहिला दिवस. नवा गणवेश दारात दोरीवर वाळत होता.

"भंतेंचं सोनं नखाने ओरबाडलंस म्हणे," याय फिन तिला म्हणाली. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "ते सोनं होतं म्हणून तर काच टिकून होती. आधी काच फोडलीस, मग सोनं काढलंस. हात काळे असतात काहींचे."

लामदुअनने तोंड उघडलं. बारा वेळा म्हणायचं ठरवलं होतं, हे शेवटचं. "चूक मा—"

"नाही," विचियन म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. तो आता खाली बघत नव्हता.

"याय, फेब्रुवारीत उसाच्या ट्रकचा खडा लागला होता काचेला. काच बदलायची सोडून मी गंध भरलं आणि वर्ख लावला. भंतेंनी नाही, मी. हिने सकाळी विचारलं मला. मी भंतेंचं नाव घेतलं, म्हणून हिने नख लावलं नाही." "तुझ्या नातीला मी उद्या त्या काचेमागे बसवणार होतो."

लामदुअनला रडू आलं. दिवसभर जे गिळलं होतं ते सगळं वर आलं, आणि ती त्या परक्या दारात, गणवेशाच्या दोरीखाली उभी राहून हुंदके देऊन रडली. विचियनने तिच्याकडे वळून दोन्ही हात जोडले, आणि कपाळापर्यंत नेले. वडीलधाऱ्या माणसाने धाकट्यापुढे असे हात जोडायचे नसतात. तिने घाईने त्याचे हात धरून खाली केले.