लुगड्याचं वजन

सरूचे डोळे पांढरे झाले आणि मशीन ओरडू लागलं. सिस्टरने तिचे पाय वर उचलले. डॉक्टर पळत आले. मी बाजूला उभी होते. मला काहीच वाटलं नाही.

सरू माझी सवत. मालक वारले, मूलबाळ दोघींनाही नाही. तिच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून दोनदा चौसाळ्याहून एसटीने मीच तिला डायलिसिसला नेते. डायलिसिस म्हणजे रक्त मशीनमधून फिरवून धुतात आणि अंगात साठलेलं पाणी काढतात. किती काढायचं, ते वजनावर ठरतं. जादा पाणी नसताना जे वजन भरतं, ते ड्राय वेट. त्याच्या वर भरेल ते पाणी धरतात.

त्या सकाळी ती नेहमीपेक्षा दोन किलो जास्त भरली.

सिस्टर म्हणाली, "मावशी, किती पाणी पिता वो?"

"न्हाई वो, घोट घोटच पिले. अक्काला इचारा."

मी म्हणाले, "चोरून पिली आसंल. लई खोटी हाय ती."

सिस्टरने मशीन तेवढं जादा पाणी काढायला लावलं. दीड तासाने सरूचे डोळे फिरले.

पाणी काढणं थांबवून सलाईन सोडलं. डॉक्टरांनी मला पडद्यावरची रेघ दाखवली. अंगातलं रक्त सुरुवातीपेक्षा किती घटलं, ते मशीन मोजत असतं. ती ब्लड व्हॉल्यूमची रेघ.

"ही रेघ हळूहळू उतरायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "हिची एकदम कोसळली. काढण्याएवढं पाणीच अंगात नव्हतं. मग वजन आलं कुठून?"

छातीला तारा लावायला सिस्टरने पदर सारला. लुगड्याखाली दुसरं लुगडं निघालं, त्याखाली माझा लोकरीचा स्वेटर.

"हे कुणी घातलं?"

"म्या."

तिथल्या एसीत सरू चार तास कुडकुडते. ऊसतोडीला जायचो तेव्हा थंडीत आम्ही बाया लुगड्यावर लुगडं नेसायचो. तसंच त्या दिवशी तिला नेसवलं. वजनकाट्याचं डोक्यात आलं नाही. कपडे काट्यावर ठेवले, तर दोन किलोला थोडेच कमी भरले.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल तर दरवेळी सारख्याच कपड्यांवर वजन करा. पांघरूण काट्यावरून उतरल्यावर द्या. आणि पाणी प्याले नाही असं ते माणूस म्हणालं, तर मी बोलले तसं बोलू नका.

अर्ध्या तासाने सरूने माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, मी मेले आस्ते तर लोक म्हनले आस्ते, सवतीनं मारलं."

"म्हनले आस्ते."

सरू जगली. डायलिसिस चालू आहे.